डफ, कॅसेट आणि पॉडकास्ट : मुंबईच्या स्वतंत्र आवाजाचा इतिहास

१/ १२ नोव्हेंबर १९४२. मुंबईतील एक गुप्त रेडिओ केंद्र पोलिसांच्या हाती लागते आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता यांना अटक होते. या केंद्रावरून अडीच महिने काय बोलले गेले, हे आज बऱ्याच तपशिलाने सांगता येते. त्याचे कारण विचित्र आहे. भूमिगत कार्यकर्त्यांना आपले कागद जपून ठेवणे शक्य नव्हते. पण पोलीस ते प्रक्षेपण ऐकत होते आणि उतरवून घेत होते. ज्या आवाजाला सरकारला गप्प करायचे होते, त्याची नोंद सरकारी दप्तरातच टिकली.

२/ आज मुंबईत कोणी छोट्या खोलीत मायक्रोफोन लावून पॉडकास्ट करतो, कोणी स्वतः लिहिलेले रॅप मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करतो. हे सारे नवे वाटते. परंतु सरकारी केंद्र, सिनेमा आणि मोठी ध्वनिमुद्रण कंपनी या तिघांच्या बाहेर राहून बोलण्याची व गाण्याची या शहराची परंपरा किमान ऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडे पाहताना चार प्रश्न सतत समोर येतात. यंत्र कोणाचे? जागा कोणाची? परवानगी कोणाची? आणि शेवटी, नोंद कोणी ठेवली?

३/ आरंभ यंत्रापासून करू. १९०२ मध्ये कलकत्त्यात भारतीय गायनाचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले. १९०८ मध्ये त्याच शहरात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्र रात्र चालणारा तमाशा, तासभर रंगणारा पोवाडा, सवाल-जबाब यांना त्या मापात बसवणे कठीण होते. कोणाला गाऊ द्यायचे हे कंपनी ठरवी आणि किती वेळ गायचे हे तबकडी ठरवी.

४/ या व्यवस्थेला मुंबईतून एक लहानसे उत्तर मिळाले. १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या नावाच्या देशी तबकड्या येथे निघू लागल्या. मोठ्या कंपनीशी करार झालेले नामवंत गायक या छापाला मिळणे अवघड होते. त्यामुळे नवोदित आणि हौशी कलावंतांना तेथे वाव मिळाला. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात ‘स्वदेशी’ ही तिची ओळखही होती. सुमारे वीस वर्षांत हा छाप बंद पडला. त्याच्या तबकड्या आज मुख्यतः खासगी संग्राहकांच्या कपाटांत आढळतात.

५/ तबकडी विकत घेणारा निदान आपल्या घरी काय वाजवायचे ते ठरवू शकत होता. रेडिओची गोष्ट वेगळी होती. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण केले आणि २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. म्हणजे या देशातील रेडिओचा आरंभ खासगी हातांतून झाला. कंपनी अल्पावधीत बुडाली आणि प्रक्षेपण सरकारकडे गेले. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी संदेश कायदा यांमुळे परवान्याशिवाय प्रक्षेपण करणेच काय, रेडिओ संच बाळगणेही गुन्हा ठरले.

६/ ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’ ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने आधीच रद्द झाले होते. अशा वेळी उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ट्रान्समीटर उभा केला आणि ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला. केंद्राचा पत्ता जाहीर करताना तो ‘भारतात कोठेतरी’ एवढाच सांगितला जाई.

७/ या केंद्राची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. पकडले जाऊ नये म्हणून जागा वारंवार बदलल्या जात. बातम्या व भाषणे एका ठिकाणी ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपित करण्याची सोयही केली गेली. राम मनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते या कामाशी जोडलेले होते. विदर्भातील आष्टी-चिमूर येथील दडपशाहीसारख्या, वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या बातम्या येथून लोकांपर्यंत पोहोचत. प्रक्षेपणाचा शेवट ‘वंदे मातरम्’ने होई.

८/ अखेर एका तंत्रज्ञाने दिलेल्या माहितीवरून पोलीस पोहोचले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. पोलिसांनी उतरवून घेतलेल्या प्रक्षेपणांच्या आधारे उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये या केंद्राचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. त्या काळचा आवाज कसा होता, त्यात किती घाई होती, किती भीती होती, हे कागदावरून कळत नाही. शब्द तेवढे हाती लागतात.

९/ त्याच दशकात काही मैलांवर, लालबाग-परळच्या गिरणगावात, दुसरा एक आवाज घडत होता. त्याला वीजही लागत नव्हती. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि चाळीचे पटांगण एवढ्यावर तो उभा राही. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आलेले, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले अण्णाभाऊ गिरणीत काम करीत लिहिते झाले होते.

१०/ कलापथकाने तमाशाचा जुना साचा घेतला आणि त्यात गिरणी, संप, भाववाढ व सावकार आणले. गणातील गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आले. गौळण गळाली. प्रेक्षक तिकीट काढून येत नसे. कलापथकच त्याच्या दाराशी जाई. कामगारांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळा पाहून कार्यक्रम ठरत. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका काही पैशांना विकल्या जात आणि त्यांतून गाणी गावोगाव पोहोचत. ही त्या काळची स्वतंत्र वितरणव्यवस्थाच होती.

११/ येथे परवानगीचा प्रश्न उभा राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कम्युनिस्ट कलापथकांना तर राजकीय कारणांनीही रोखले गेले. बंदी ‘तमाशा’वर आहे, तर आमचा खेळ ‘लोकनाट्य’ आहे, अशी वाट काढण्यात आली. त्या नावाची पुढील कारकीर्द सर्वज्ञात आहे. मराठी रंगभूमीवरील एका प्रतिष्ठित शब्दाच्या प्रसारामागे बंदीही होती, हे मात्र क्वचितच आठवले जाते.

१२/ बंदी पुढे शिथिल झाली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. १९५० च्या दशकापासून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा काळ सुरू झाला. ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होताच. तोंडी परंपरेतील कलावंताला त्यामुळे नवीच अडचण आली. ज्याचा संवाद दररोज प्रेक्षक पाहून बदलतो, त्याने आधी कोणता कागद दाखल करायचा? बतावणीचा जीवच उत्स्फूर्ततेत असतो.

१३/ तरीही या आवाजाची ताकद संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दिसली. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेख यांच्या पहाडी गळ्यातून हजारोंच्या सभेत पोहोचे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख गेले. त्यांच्या पुस्तिका उपलब्ध आहेत, ग्रंथ उपलब्ध आहेत. पण चाळीच्या पटांगणातील एका संपूर्ण रात्रीचा आवाज कोणत्याही फितीवर नाही. ज्या कलेचे मर्म सादरीकरणात होते, तिचा फक्त मजकूर उरला.

१४/ मग त्या काळी सरकारी रेडिओ काय करीत होता? याचे उत्तर एकरंगी नाही. आकाशवाणी मुंबईच्या ‘कामगार सभा’ या कार्यक्रमाने लोकगीते घराघरांत नेली. दुसरीकडे, १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानी यांचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

१५/ गिरणगावापासून थोड्या अंतरावर, धोबी तलाव परिसरात, आणखी एक संगीतविश्व होते. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेले गोमंतकीय येथील कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, राहत. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये गोव्यात नव्हे, तर मुंबईत झाला. चर्चमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे वादक हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात बसत. वाद्यमेळाची रचनाही अनेकदा तेच करीत. पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याचेच असे.

१६/ याच धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर महाविद्यालयाला लागून, रंगभवन हे खुले नाट्यगृह आहे. १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ येथे झाली. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चे कार्यक्रम येथे होऊ लागले. १९८४ मध्ये सुरू झालेला ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद, जो १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला, दुसऱ्यांची गाणी वाजवण्याऐवजी स्वतः रचलेली गाणी वाजवू लागला. तोवर बहुतेक बँडकडून परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कलच अपेक्षित असे.

१७/ रंगभवन शांत झाले ते जागेच्या प्रश्नावर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरवता येतो. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालये दोन्ही आहेत. काही वर्षांतच तेथील संगीताचे मोठे कार्यक्रम थांबले. रुग्णाचा शांततेचा हक्क नाकारता येणार नाही. तथापि स्वस्त तिकिटात हजारो तरुणांना सामावून घेणाऱ्या त्या जागेला शहराने तोलामोलाचा पर्याय दिला नाही, हेही तितकेच खरे.

१८/ आता पुन्हा यंत्राकडे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेट आली आणि तबकडीच्या जगाची घडी विस्कटली. तबकडीला कारखाना लागे. कॅसेटची प्रत घरच्या दोन टेपरेकॉर्डरवरही निघे. छोट्या कंपन्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. कोळीगीते, लोकगीते, भक्तिगीते आणि भीमगीते यांना मोठी बाजारपेठ मिळाली. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचे आवाज महाराष्ट्रात रिक्षा, हॉटेल आणि लग्नमांडवापर्यंत पोहोचले ते मुख्यतः कॅसेटमुळे.

१९/ भीमगीतांची परंपरा कॅसेटहून जुनी आहे. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी हाताने उतरवलेल्या वह्यांतून, भजनी मंडळांतून आणि जलशांतून पसरली होती. कॅसेटने त्यांना बाजार दिला, आणि त्या बाजाराचा सर्वांत मोठा दिवस कोणत्याही संगीत कंपनीने ठरवलेला नव्हता. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारा समाज शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तके, तसबिरी आणि कॅसेट घेऊन गावी परते. पुढे कॅसेटच्या जागी सीडी आली. मुंबईतील एका गायकाचा आवाज दोन दिवसांत मराठवाड्यातील खेड्यात वाजू लागे.

२०/ या प्रवाहातील एक नाव म्हणजे शाहीर विलास घोगरे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन यांनी तेव्हा सुरू केलेले चित्रीकरण १४ वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ या रूपाने पूर्ण झाले. आंबेडकरी शाहिरीचे कितीतरी आवाज या एका माहितीपटामुळे जतन झाले.

२१/ दरम्यान गिरणगावाची जमीनच पायाखालून सरकली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आणि २००१ मधील तिची दुरुस्ती यांनंतर त्या जमिनींवर मनोरे व मॉल आले. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतस्थळ सुरू झाले.

२२/ ‘ब्लू फ्रॉग’ने देशभरातील स्वतंत्र कलावंतांना उत्तम ध्वनिव्यवस्था असलेला मंच दिला आणि स्वरचित गाणी ऐकणारा श्रोतृवर्ग घडवला. २०१६ मध्ये ते मुंबईत बंद झाले. ज्या भागात अण्णाभाऊंचा डफ फुकट ऐकता येई, तेथे आता गाणे ऐकण्यासाठी प्रवेशमूल्य आणि महागडे खाणेपिणे आले. गिरणी कामगाराच्या मुलाला ती पायरी चढणे सोपे नव्हते. जागा तीच, पण स्वतंत्र संगीताचा श्रोता बदलला.

२३/ कामगारवस्तीतील मुलांना मंच मिळाला तो मोबाइलच्या पडद्यावर. २०१४ च्या आरंभी कुर्ल्याच्या ‘नेझी’ या तरुणाने ‘आफत’ हे रॅप आयपॅडवर ध्वनिमुद्रित आणि चित्रित करून प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये अंधेरीच्या ‘डिव्हाइन’सोबतचे ‘मेरे गली में’ आले. ते मात्र एका बहुराष्ट्रीय संगीत कंपनीमार्फत. २०१९ मध्ये याच विश्वावर बेतलेला ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. घरगुती गाण्यापासून बड्या पडद्यापर्यंतचे अंतर पाच वर्षांत कापले गेले. स्वतंत्र आवाज यशस्वी झाला की कंपनी दाराशी येते, हा ग्रामोफोनपासूनचा अनुभव येथेही आला.

२४/ सर्वच आवाज त्या वाटेने गेले नाहीत. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ प्रसिद्ध केले. त्यात मराठी रॅप आणि आदिवासी सूर एकत्र आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. प्रश्न स्थानिक, भाषा स्थानिक, गाणारा त्याच मातीतला. शाहिरीचे आणि याचे नाते सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

२५/ आता पॉडकास्ट. हा शब्द २००४ मध्ये रूढ होऊ लागला. त्यामागील तंत्र साधे आहे. ध्वनिफीत इंटरनेटवर ठेवायची आणि एका खुल्या यादीद्वारे तिची सूचना श्रोत्याच्या उपकरणाकडे पाठवायची. यात वायुलहरी लागत नाहीत, म्हणून प्रक्षेपणाचा परवानाही लागत नाही. भारतात याचे महत्त्व अधिक आहे. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पुढे खासगी एफएम वाहिन्या आल्या, परंतु स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. बोलण्याची ती मोकळीक पॉडकास्टला आपोआप मिळाली.

२६/ मुंबईत २०१५ च्या सुमारास ‘आयव्हीएम’सारखी पॉडकास्टला वाहिलेली कंपनी उभी राहिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१७ मध्ये अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ सुरू झाला; त्याचे भाग पुढे कित्येक तासांचे होऊ लागले. मराठीतही ‘मित्रम्हणे’, पुण्याचा ‘अमुक तमुक’ यांसारख्या कार्यक्रमांनी निवांत, लांब गप्पांना श्रोता मिळवून दिला. तीन मिनिटांच्या तबकडीने जो ऐसपैसपणा हिरावून घेतला होता, तो शतकभराने परत आला.

२७/ परवानगीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात मराठी रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर राजकीय आशयाच्या गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा मांडला. इंटरनेटवर चालू घडामोडींविषयी बोलणाऱ्या एकेकट्या निर्मात्यांनाही तो लागू होईल का, यावर मोठा वाद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने नव्याने विचारविनिमय करण्याचे जाहीर केले. १९३३ च्या बिनतारी कायद्याचा इतिहास माहीत असणाऱ्याला हा वाद ओळखीचा वाटेल.

२८/ यंत्राचा प्रश्नही रूप बदलून उभा आहे. ध्वनिमुद्रण घरी होते, पण ते पोहोचवणारी व्यासपीठे मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. कोणता भाग कोणाला दिसावा हे त्यांची गणिते ठरवतात. तीन तासांच्या गप्पांतील अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून पुढे ढकलावा लागतो. तबकडीच्या काळी गायकाने रागाला मर्यादेत बसवले, तसेच आज वक्ता आपले म्हणणे तुकड्यांत बसवू लागला आहे. आवाज स्वतंत्र राहिला तरी त्याची लांबी दुसराच ठरवतो.

२९/ आणि चौथा प्रश्न, नोंदीचा. काँग्रेस रेडिओ पोलिसांच्या कागदांमुळे उरला. विलास घोगरे एका दिग्दर्शकाच्या चिकाटीमुळे उरले. जुन्या तबकड्या उरल्या त्या संग्राहकांमुळे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने त्यांना एकत्र आणले. कोणत्याही काळात स्वतंत्र आवाजाचे जतन हे कोणाचे ठरलेले कामच नव्हते. पॉडकास्टही याला अपवाद नाही. साठवणुकीचे शुल्क थकले, कंपनी विकली गेली किंवा खाते बंद झाले की शेकडो तासांच्या मुलाखती एका दिवसात नाहीशा होऊ शकतात.

३०/ इतिहासाची आवड असणाऱ्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. घरातील माळ्यावर, काकांच्या पेटीत, मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेट असतील. जयंतीच्या कार्यक्रमाच्या, गल्लीतल्या शाहिराच्या, कॉलेजच्या बँडच्या. फितीला बुरशी लागते, ती चिकटते आणि मग तुटते. तत्पूर्वी तिची डिजिटल प्रत करावी. गायक-वादकांची नावे, ठिकाण, वर्ष आणि फीत कोणाकडून मिळाली हे लिहून ठेवावे. गाणारी व्यक्ती हयात असेल तर तिची संमती घ्यावी आणि तिची आठवण ध्वनिमुद्रित करावी. पॉडकास्ट करणाऱ्यांनी मूळ फाइल स्वतःजवळही ठेवावी. वेष्टणावरील पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुसू नये. बऱ्याचदा तेवढाच पुरावा शिल्लक असतो.